टर्बो गाडी की साधी? सही करण्याआधी

आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनमधून बोलतोय.

मुरबाड, शहापूर, बदलापूरच्या पट्ट्यातल्या बचत गटांच्या कितीतरी बायका आमच्या गजानन मार्केटला कपडा घ्यायला येतात. धंदा वाढला की एसटी-रिक्षात गाठोडी चढवणं नकोसं होतं आणि घरात गाडीची गोष्ट निघते. मग शोरूमवाला विचारतो, "मॅडम, टर्बो देऊ की साधं इंजिन?" उत्तर बहुतेक वेळा घरातला पुरुष देतो. पण कर्जाच्या कागदावर सही आपली असेल, तर उत्तरही आपल्याला यायला हवं. म्हणून आजचा विषय हाच.

आधी चुलीकडे बघा. चूल आपल्या आपण हवा ओढते आणि जळते. साधं इंजिन तसंच. जेवढी हवा स्वतः ओढता येईल, तेवढंच पेट्रोल त्यात जळतं. आता चुलीत फुंकणी मारली की काय होतं? लाकडं तेवढीच, पण जाळ भडकतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. ती फुंकायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूरच एक छोटी चक्री फिरवतो, आणि ती चक्री जास्तीची हवा दाबून आत भरते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

फरक किती पडतो? निसान मॅग्नाइट ही गाडी एक लिटरच्याच दोन इंजिनांत येते. साध्यात ७२ पीएस ताकद, टर्बोत १००. टॉर्क, म्हणजे गाडीची ओढ, साध्यात ९६ आणि टर्बोत १६० न्यूटन मीटर.

मारुती फ्रॉन्क्सचं बघा. साधं इंजिन १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं. त्याची ओढ ११३, पण ती पूर्ण मिळते ४४०० फेऱ्यांवर, म्हणजे इंजिन चांगलं ओरडायला लागल्यावर. टर्बो इंजिन एकच लिटरचं, तीन सिलिंडरचं. त्याची ओढ जवळजवळ १४८, आणि ती २००० फेऱ्यांपासूनच हाताशी येते.

मग कंपन्या मोठं साधं इंजिनच का देत नाहीत? कारण कर. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी सरकार छोटी गाडी मानतं. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, मोठीवर ४०. इंजिन छोटं ठेवून ताकद वाढवायची, तर फुंकणी लावणं सोयीचं.

आता आपला रस्ता बघू. चार बाया, डिकीत गाठोडी, एसी चालू, आणि माळशेज घाट चढायचा आहे. इथे टर्बो सुखाची. ट्रकच्या पुढे जायला गिअर सारखा खाली पाडावा लागत नाही. पण रोजचा रस्ता शहाडचा पूल आणि कल्याण-बदलापूर रोड असेल, तर तिथे गाडी मुंगीसारखी चालते. इतक्या कमी वेगात टर्बोची चक्री नीट फिरतच नाही. छोटं टर्बो इंजिन तेव्हा जरा मरगळतं आणि मग एकदम झेप घेतं. साधं इंजिन पाय दाबाल तसं सरळ पुढे जातं. नवशिक्या हाताला ते सोपं.

मायलेजचं काय? कागदावर फ्रॉन्क्सची साधी मॅन्युअल गाडी लिटरला २१.७९ किलोमीटर देते, टर्बो २१.५. फरक नाहीच म्हणा. पण हे आकडे ठरलेल्या चाचणीतले. टर्बोची खरी गोष्ट चालवणाऱ्याच्या पायात आहे. ताकद आहे म्हणून पाय दाबत राहिलं, तर जास्तीच्या हवेबरोबर पेट्रोलही जास्त जळतं.

हिशोब करू. समजा महिन्याला हजार किलोमीटर फिरणं आहे. साधी गाडी १७ देते, टर्बो १५. महिन्याला जवळजवळ ८ लिटरचा फरक. लिटरला शंभर धरले तरी आठशे रुपये. टर्बो लाखाने महाग असेल आणि ते पैसे ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर घेतले, तर हप्त्यात दोन हजारांच्या वर भर. म्हणजे महिन्याला २,८०० रुपयांच्या वर. एवढे पैसे घाटाच्या सोयीसाठी द्यायचे का, हे आपण ठरवायचं.

देखभालीचंही ऐका. टर्बोची चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेते, आणि ती तेलावर तरंगत फिरते. म्हणून ऑइल कंपनीने सांगितलेलंच घाला आणि वेळेवर बदला. स्वस्त ऑइल टर्बोला महाग पडतं. घाट चढून आलात की लगेच चावी फिरवू नका. अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू द्या, चक्री निवते. साध्या इंजिनात हा भागच नाही, त्यामुळे तो बिघडायची काळजीही नाही. जुनी टर्बो घेत असाल, तर सर्व्हिसचे सगळे कागद मागा. कागद नसतील तर ती गाडी सोडा.

आणखी एक, सीएनजी. कंपनीची सीएनजी बहुतेक साध्या इंजिनावरच मिळते. टर्बोवर सीएनजी देणारी टाटा नेक्सॉन २०२४ मध्ये आली. ती आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला बनते. फिरणं फार असेल तर सीएनजीचा विचार जरूर करा. पण गावाजवळ पंप आहे का, आणि टाकी बसल्यावर डिकीत गाठोडं मावतं का, हे आधी बघा. सीएनजीवर ओढही थोडी कमी होते.

थोडक्यात सांगतो. बाजार, शाळा, दवाखाना, गर्दीचा रस्ता आणि मोजका हप्ता असेल, तर साधं इंजिन बरं. दर आठवड्याला भरल्या गाडीने घाट किंवा हायवे असेल आणि ऑइलची शिस्त पाळली जाणार असेल, तर टर्बो घ्या.

आणि चाचणीला एकट्या जाऊ नका. गटातल्या चौघी बसा, एसी लावा, पुलावरचा चढ चढून बघा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. मगच सही करा.