सव्वा महिन्यातल्या सहा भेटी

आज बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलू या.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर पडू देत नाहीत. बाळ दवाखान्यात जन्मलं तरी चार दिवसांत त्याच खोलीत, बाजेवर येतं. तान्ह्या बाळाला सगळ्यांत जास्त धोका पहिल्या २८ दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच खोलीचं दार लोटलेलं. मग आत बघायचं कुणी?

याचं उत्तर गडचिरोलीच्या बायकांनी दिलं. डॉ. अभय बंग मूळचे आपल्या वर्ध्याचे. ते आणि डॉ. राणी बंग यांनी तिकडे 'सर्च' संस्था काढली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आधी तिथल्या आदिवासींनाच विचारलं. आमच्या घरांसारखा, सोबतच्या माणसांना राहता येईल असा, म्हणाले. म्हणून शोधग्रामच्या दवाखान्यात रुग्णांसाठी झोपड्या आहेत आणि नाव देवीचं, माँ दंतेश्वरी.

तरी तान्हं बाळ घेऊन दवाखान्यात कोण येणार? तेव्हा १९९५ पासून ३९ गावांत त्या-त्या गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. शाळा बेताचीच झालेली. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, मिनिटभर श्वास मोजायचे, अशक्त बाळाला ऊब द्यायची, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायचं! ऐकून आजही कुणी दचकेल. पण तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

आज तुमच्या दारात येणारी आशाताई त्याच वाटेनं आली आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं यायचं. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये ठरलेले. उन्हातान्हात जाण्याचे हे पैसे मला तरी फार थोडे वाटतात.

आणि आपण काय करतो? "बाळ झोपलंय, मग या," म्हणून तिला उंबऱ्यातूनच परत पाठवतो. सासूबाईंनो, हे तुम्हाला सांगते. तिला हात धुवायला पाणी द्या आणि बाळ उघडून बघू द्या. गोंड-कोलाम वस्तीवर आशा त्याच वस्तीतली असली, तर बाळंतीण तिच्याशी आपल्या बोलीत बोलते. डॉक्टरांपुढे जे ओठावर येत नाही, ते तिला सांगते.

दुसरी अडचण माहेरची. सून सातव्या महिन्यात माहेरी जाते. इकडच्या आशाताईला वाटतं, तिकडची बघेल. तिकडचीला तर मुलगी आल्याचंच ठाऊक नसतं. जाण्याआधी इकडे सांगा, पोचल्यावर तिकडे सांगा, आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत ठेवा.

बाळ अंगावर पिणं सोडतंय, रडणं क्षीण झालंय, हातपाय ढिले पडलेत, अंग गार किंवा तापलेलं लागतंय, श्वास घेताना छाती आत जातेय, यातलं एक जरी दिसलं तरी घुटी उगाळत बसू नका. आशाताईला हाक मारा आणि १०८ ला फोन लावा. रात्र असली तरी.