आईचें औषध आणि बाळाचें वजन

गर्भवती स्त्रीच्या रक्तांत एच. आय. व्ही. चा विषाणू आहे असें कळतांच घरांतील माणसें पहिली चिंता करतात ती बाळाची. या चिंतेला वैद्यकशास्त्राजवळ आज समाधानकारक उत्तर आहे. आईला उपचार मिळाला नाहीं, तर गर्भावस्थेंत, प्रसूतीच्या वेळीं किंवा अंगावरील दुधांतून शेंकडा १५ ते ४५ मुलांना हा विषाणू लागतो. योग्य उपचारानें तें प्रमाण ५ च्या खालीं आणतां येतें.

या यशाचा पाया १९९४ सालीं घातला गेला. अमेरिका व फ्रान्स येथील प्रयोगांत झिडोव्हुडीन हें एकच औषध आईला गर्भारपणीं व प्रसूतीच्या वेळीं, आणि बाळाला पुढें सहा आठवडे दिलें. त्यामुळें बाधेचें प्रमाण शेंकडा २५.५ वरून ८.३ वर आलें. कालांतरानें तीन औषधें एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली.

परंतु मूल विषाणूपासून वांचलें, एवढ्यानें काम संपत नाहीं. तें पूर्ण दिवसांचें व पुरेशा वजनाचें जन्मावें लागतें. आफ्रिकेंतील सहा देश व भारत यांत झालेल्या आणि २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानें हीच अडचण पुढें मांडली. झिडोव्हुडीनसह तीन औषधें घेणाऱ्या स्त्रियांत अडीच किलोहून कमी वजनाचीं मुलें शेंकडा २३ जन्मलीं. मुख्यत्वें एकट्या झिडोव्हुडीनवर असलेल्यांत १२. उलट, विषाणूची बाधा मात्र तीन औषधांनीं शेंकडा १.८ वरून ०.५ वर आली.

हे आंकडे ऐकून एखादी सासू म्हणेल, ‘मग गोळ्या बंदच कराव्यात!’ हा निष्कर्ष घातक आहे. कमी वजनाचें बाळ जपणुकीनें बहुधा सुधारतें. एकदां लागलेला विषाणू जन्मभर सोडीत नाहीं. शिवाय आईचें आयुष्यही त्याच गोळ्यांवर अवलंबून असतें. उपाय औषध सोडण्यांत नसून अधिक अनुकूल औषध निवडण्यांत आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डोल्युटेग्रॅव्हिर, एम्ट्रिसिटाबीन व टेनोफोव्हिरचें नवें रूप घेणाऱ्या गटांत अकाली प्रसूति, मृत जन्म किंवा दिवसांच्या मानानें लहान बाळ असे अनिष्ट प्रकार शेंकडा २४ होते. इतर दोन गटांत ते ३३ होते. ज्या स्त्रियांचें वजन गर्भारपणीं पुरेसें वाढलें नाहीं, त्यांच्यांत हे प्रकार अधिक आढळले.

भारतांत २०१४ पासून अशा प्रत्येक गर्भवतीस आजन्म उपचार देण्याचें धोरण असून सरकारी केंद्रांत औषध विनामूल्य मिळतें. घराचें कर्तव्य एवढेंच कीं, तिच्या ताटांत पोटभर सकस अन्न पडावें, दरमहा तिचें वजन पाहिलें जावें, आणि लोकलज्जेस्तव तिला गोळी लपवून घ्यावी लागूं नये. औषधांत बदल हवा असेल तर तो डॉक्टरांनीं करावा; शेजाऱ्यांच्या सल्ल्यानें एक दिवसही खंड पडूं देऊं नये.