तर्कशक्ती : उपजत देणगी की सरावाचे फळ?

(यवतमाळ जिल्ह्यातील स्पर्धा परीक्षार्थींसमोर दिलेले भाषण)



वणीपासून उमरखेडपर्यंत पसरलेल्या आपल्या जिल्ह्याच्या 16 तालुक्यांतून अनेक तरुण-तरुणी आज स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरचे वर्ष कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर ठरते. मोठ्या शहरांतील वर्गांचे शुल्क त्यांना परवडत नाही. त्यातच, इतिहास-भूगोल वाचून साधतो, परंतु ‘बुद्धिमत्ता’ उपजतच असावी लागते, अशा समजुतीने अनेकजण हा विषय सोडून देतात. ही समजूत महाग पडते.

2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 प्रश्न बौद्धिक चाचणी व अंकगणिताचे होते. राज्यसेवा पूर्व परीक्षेत 2013 पासून आलेल्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यांच्या आकलनाबरोबर तर्कालाही स्थान आहे. तिचे 80 प्रश्न व 200 गुण असून आता तीत किमान 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळवावेच लागतात. प्रत्येक प्रश्नास अडीच गुण धरल्यास किमान 27 उत्तरे अचूक हवीत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक हवीत.

आता एक कोडे पाहू. एका अधिकाऱ्यास सोमवार ते शुक्रवार दररोज एक याप्रमाणे वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी व उमरखेड येथे जावयाचे आहे. घाटंजीचा दौरा दारव्ह्यापूर्वी आहे. दारव्ह्याच्या दुसऱ्याच दिवशी पुसद आहे. उमरखेड पुसदनंतर आहे, परंतु लगेच दुसऱ्या दिवशी नाही. तर वणीचा दिवस कोणता?

वणीविषयी एक शब्दही सांगितलेला नाही, म्हणून गोंधळून जाऊ नये. कागदावर पाच घरे आखावीत आणि सर्वांत अधिक बंधने असलेल्या नावापासून आरंभ करावा. दारव्ह्यापूर्वी घाटंजी असल्याने दारव्ह्याला सोमवार मिळत नाही. दारव्ह्यानंतर पुसद, एक मधला दिवस आणि उमरखेड असे किमान तीन दिवस हवेत. म्हणून दारव्हा मंगळवारच्या पुढेही जात नाही. दारव्हा मंगळवारी ठरताच पुसद बुधवारी, उमरखेड शुक्रवारी व घाटंजी सोमवारी येते. उरलेला गुरुवार वणीचा!

दुसरा प्रकार अनुमानाचा. ‘सर्व कापूस उत्पादक शेतकरी आहेत, काही शेतकरी सोसायटीचे सभासद आहेत, म्हणून काही कापूस उत्पादक सभासद आहेत.’ हा निष्कर्ष आपल्या अनुभवाला पटतो; तरीही दिलेल्या विधानांतून तो निघत नाही. ते सभासद केवळ भाजीपाला पिकविणारेही असू शकतील. तीन वर्तुळे काढली की ही चूक ध्यानी येते. येथे आपली माहिती बाजूला ठेवून विधानात आहे तेवढेच मानावयाचे असते.

मित्रहो, यासाठी वही, पेन्सिल आणि मागील प्रश्नपत्रिका एवढे साहित्य पुरे. रोज पाच कोडी सोडवा. आरंभी घड्याळ दूर ठेवा. रीत पक्की झाली की वेळ मोजा. चुकलेल्या उत्तराखाली कोणती अट निसटली ते लिहून ठेवा. गावच्या वाचनालयात चौघांनी बसून एकमेकांना उत्तर समजावून सांगा, कारण दुसऱ्याला पायरीपायरीने सांगता येते तेच आपल्याला खरोखर आलेले असते.