मागच्या ओळीत कोण बसणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी फार तर पापडांवर बोलेन." त्या म्हणाल्या, "पापड नकोत. तुम्ही मोठी मोटार घेतलीत ना, ती कशी निवडली ते सांगा. आपल्या चार घरांत सध्या तोच वाद चालला आहे." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या घरात माणसे आठ. सासूबाई, आमचे हे, मी, धाकटे भावजी, जाऊबाई, माझी दोन मुले आणि जाऊबाईंचा चार वर्षांचा छोटा. अंबडला यांचा लेथ मशीनचा लहानसा कारखाना आहे. घरात पाच माणसांची जुनी छोटी मोटार होती. तिच्यातून सगळ्यांनी मिळून कुठे जाणे शक्यच नव्हते. लग्नकार्य असो की वणीचा गड असो, आम्ही भाड्याची जीप करीत असू.

२०२३ च्या चैत्रात आम्ही अशीच जीप करून गडावर निघालो होतो. पुढे पुरुषमंडळी, मध्ये सासूबाई आणि जाऊबाई, मागे समोरासमोरच्या आडव्या बाकांवर मी, मुले आणि नैवेद्याची पिशवी. मागे बसायचे कोणी हे आमच्याकडे कधी ठरवावे लागले नाही. ते ठरलेलेच होते. नांदुरीच्या घाटात समोरून बस आली, चालकाने जोरात ब्रेक दाबला आणि माझी लेक बाकावरून घसरून लोखंडी पट्टीवर आपटली. भुवईवर तीन टाके पडले. डॉक्टर टाके घालीत होते आणि मी तिचा हात धरून उभी होते. त्या वेळी मनात आले, पुढे बसलेल्या कोणाला साधे खरचटलेसुद्धा नाही. चालकाला मी बोल लावीत नाही. त्याने ब्रेक दाबला नसता तर मी आज इथे उभी नसते. पण धरायला काही नाही, पट्टा नाही, तोंड आडवे, अशा जागेवर मी माझी पोरे वर्षानुवर्षे बसवीत आले, याचे मला फार वाईट वाटले.

माझे माहेर निफाडकडचे. लहानपणी बाजाराला जायचे म्हणजे जीपच. आत जागा नसली की बाप्ये मागच्या दांडीला लोंबकळत. ही जीप मुळात लढाईसाठी काढलेली. १९४९ मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगावला ती जोडायला सुरुवात केली आणि मग ती खेडोपाडी पोचली. तिचा मागचा भाग सामानाचा, नाहीतर शिपायांनी घडीभर टेकायचा. पुढे नव्या तऱ्हेच्या गाड्या आल्या, रंग आले, थंड हवा आली, तरी मागचा आडवा बाक बराच काळ तसाच राहिला, आणि सामानाच्या त्या जागी घरातल्या बायका नि पोरे बसत राहिली.

असो. २०२५ च्या उन्हाळ्यात घरात मोठी गाडी घ्यायचे ठरले. काही पैसे कारखान्यातून, काही कर्ज, आणि राहिलेल्या रकमेसाठी माझ्या पाटल्या. आईने दिलेल्या चार तोळ्यांच्या. त्या वर्षी सोने तोळ्याला लाखाच्या वर गेले होते, म्हणून हे म्हणाले, "आत्ताच मोडल्या तर चांगले पैसे येतील." मी नाही म्हटले नाही. पण एवढेच सांगितले, "गाडीच्या मागच्या ओळीत मी स्वतः बसून बघितल्याशिवाय पाटल्या हातातून काढणार नाही." भावजी हसले, म्हणाले, "वहिनी, गाडी चालवणारा निवडतो." मी म्हटले, "चालवणारा एक. बसणारी आम्ही सात."

यांच्या मनात स्कॉर्पिओ-एन होती. आपल्याला नाशिककरांना या गाड्यांचे प्रेम का आहे हे मी सांगायला नको. सातपूरच्या कारखान्यातून बोलेरो निघाली, २००२ मध्ये पहिली स्कॉर्पिओ निघाली, २००९ मध्ये झायलो, २०१८ मध्ये मराझो. आपल्या मंडळात कितीजणींचे यजमान त्या कारखान्यात, नाहीतर त्याला माल पुरवणाऱ्या वर्कशॉपात आहेत. आमच्या लेथवरही मोटारींचेच बुश निघतात. हे म्हणत, "ज्या गाडीने पोट भरले ती सोडून दुसरी दारात आणायची?" यावर काय बोलावे मला सुचेना. मग मुलाने मोबाइलवर शोधून सांगितले, की २०२२ मध्ये आलेली ही स्कॉर्पिओ-एन नाशिकला नव्हे, चाकणला तयार होते. तेव्हा त्या दोन दिवसांपुरता तरी हा मुद्दा मागे पडला.

आम्ही एकूण चार गाड्या पाहिल्या. विक्रेत्याकडची मुले सारे दाखवतात ते पुढच्या बाजूचे. मोठा पडदा, छताला उघडणारी काच, दिव्यांचे रंग. मी सरळ मागचे दार उघडून सांगितले, मला आत कसे जायचे ते दाखवा. बहुतेक गाड्यांत मधली खुर्ची दुमडून पुढे ढकलावी लागते, मग वाकून आत शिरायचे. साडी नेसून ते करून बघा. मी दोनदा अडकले. सासूबाई तर एका उंच गाडीत मधल्या ओळीतसुद्धा चढू शकल्या नाहीत. त्या नऊवारी नेसतात, गुडघा दुखतो. तिथल्या मुलाने बिचाऱ्याने स्टूल आणून दिले. त्या म्हणाल्या, "हे स्टूलही गाडीबरोबर देणार का?"

आत बसल्यावर मी तीन गोष्टी बघत असे. गुडघे छातीशी येतात का? ज्या गाडीत जमीन उंच आणि बैठक खाली, तिथे माणूस चुलीपुढे बसल्यासारखा बसतो आणि सिन्नर येईपर्यंत कंबर जाते. दुसरे, डोक्यामागे उशी आहे का आणि मागची काच किती जवळ आहे? एका गाडीत माझ्या डोक्यामागे जेमतेम वीतभर जागा होती. तिसरे, पट्टे किती? मी हाताने ओढून मोजत असे. सात माणसांची गाडी म्हणजे चालक धरून सात, आणि आरसी बुकात तोच आकडा असतो. आम्ही आठ.

फिरवून आणायला निघाले की हे पुढे आणि मी मागे. पाथर्डी फाट्याच्या बाजूला गतिरोधकावरून घ्यायला सांगायची. पुढे बसलेल्यांना जे "अगदी मऊ आहे हो" वाटे, तेच मागच्या चाकांच्या डोक्यावर बसलेल्या मला वेगळे वाटे. एकदा मी यांना मागे बसवले आणि स्वतः पुढे बसले. उतरल्यावर हे काही बोलले नाहीत, नुसती मान चोळीत राहिले.

सामानाचेही तसेच. तिसरी ओळ दुमडून दाखवतात तेव्हा मागे धान्याची चार पोती मावतील अशी जागा दिसते. ती ओळ उभी केली की कित्येक उंच गाड्यांत दोन पिशव्या उभ्या राहतात. म्हणजे माणसे न्यायची की सामान, एक काय ते ठरवा. आम्हाला माहेरी जाताना दोन्ही न्यायचे असते, आणि येताना द्राक्षांच्या पेट्या.

आता तारे. हल्ली मोटार धडकवून परीक्षा घेतात आणि तारे देतात. आपल्या देशाची स्वतःची अशी परीक्षा ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. स्कॉर्पिओ-एनला त्याआधी २०२२ मध्ये परदेशी संस्थेच्या परीक्षेत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी तीन तारे मिळाले होते. टाटांच्या सफारीला २०२३ मध्ये पाच मिळाले. ही परीक्षा कशी घेतात हे मुलाने मला चित्रफितीवर दाखवले. ताशी ६४ किलोमीटरने गाडी आदळवतात. पुढच्या दोन जागांवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात, मधल्या ओळीत दोन लहान मुलांचे. मी त्याला तीनदा ती फीत लावायला सांगितली. तिसऱ्या ओळीत कोणी नव्हते. तारे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. मजबूत सांगाडा सगळ्यांच्याच कामाचा. पण मी जिथे बसणार त्या जागेची परीक्षा कोणी घेतलेली नाही, एवढे मला कळले. म्हणून ती आपणच घ्यायची, बसून, वाकून, मोजून.

पट्ट्याचे मी जरा आग्रहाने सांगते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या बैठकीवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. मोटार महागडी होती, तिच्यात सगळे काही होते. कायद्यानेही मागच्यांनी पट्टा लावायचा असतो, न लावल्यास हजार रुपये दंड. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पट्टा नाहीतर मुलाची वेगळी खुर्ची पाहिजे. आपण लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसतो आणि समजतो की आईच्या हातात आहे. तशा धक्क्यात आईचे हात पुरत नाहीत. जाऊबाईंच्या छोट्यासाठी आम्ही खुर्ची घेतली. ती अडकवायच्या कड्या बहुतेक गाड्यांत मधल्या ओळीतच असतात. आणि जी मधली खुर्ची दुमडून मागच्यांना बाहेर पडायचे, तिच्यावर मुलाची खुर्ची बांधली तर मागचे अडकून बसतात. हे आम्हाला विक्रेत्याने नव्हे, जाऊबाईंनी दाखवून दिले.

ऑगस्टमध्येच गाडी घ्यायची यांची घाई होती. पण करात बदल होणार अशी बातमी आली, म्हणून थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशीच, नवे दर लागू झाले. मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि उपकर मिळून शंभराला पन्नासपर्यंत जात होते, ते चाळीस झाले. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना अठरा. बोलेरो या अठरात बसते, म्हणून भावजींनी तिचे नाव पुढे केले. स्वस्त, दणकट, आपल्या गावची. पण तिची शेवटची ओळ आडवीच असते. लेक जवळच उभी होती. मी काही बोलायच्या आधी भावजींनीच तिच्या भुवईकडे पाहिले आणि तो विषय सोडला.

लांबीचा प्रश्न आमच्या दारातही होताच. स्कॉर्पिओ-एन ४,६६२ मिलिमीटर, म्हणजे सव्वापंधरा फुटांच्या किंचित वर. इनोव्हा क्रिस्टा ४,७३५, साडेपंधरा फूट. आमचा पोर्च सोळा फूट. मी शिवणाच्या टेपने मोजला, हे हसले, मग यांनी लोखंडी टेपने मोजला, तेवढाच भरला. तुळशीवृंदावन मात्र दीड हात सरकवावे लागले. सासूबाईंना ते अजून रुचलेले नाही.

शेवटी आम्ही २०१९ ची इनोव्हा क्रिस्टा घेतली, जुनी, डिझेलवर चालणारी, आठ जणांची. ती स्कॉर्पिओसारखी उंच रुबाबाची नाही, पण सासूबाई स्टुलाशिवाय चढतात. मधला बाक सलग आहे. तिसऱ्या ओळीत मी पाय खाली सोडून बसते, मागे पिशव्या राहतात, आणि माणसे नसतील तेव्हा ती ओळ दोन्ही बाजूंना उचलून अडकवता येते. पट्टे मोजले, आठ भरले. नव्या गाड्यांत असतात तितक्या हवेच्या पिशव्या आमच्या गाडीत नाहीत, हे मी लपवीत नाही. जुनी घेतली म्हणून दोन ठिकाणच्या मेकॅनिकांकडून तपासली. मधल्या आळीतल्या एका बाईंनी "स्वतःच्या गावची सोडली" म्हणून टोमणा मारला, तोही ऐकून घेतला. यांना वाईट वाटले, आणि ते खरेच होते. आजही रस्त्यात स्कॉर्पिओ-एन गेली की यांची मान वळते.

पाटल्या चारपैकी दोनच मोडाव्या लागल्या. जुनी घेतल्याचा तेवढा फायदा झाला. दोन माझ्या हातात आहेत, या पाहा.

एक बारीक गोष्ट राहिली. भरलेल्या गाडीला चाकात हवा जास्त लागते. किती, ते चालकाच्या दाराच्या आतल्या चौकटीवर चिकटवलेले असते. आमच्याकडे आठजण निघायचे असले की आदल्या संध्याकाळी लेक ते वाचून हवा भरून आणते.

दिवाळीत आम्ही सगळे माहेरी जाऊन आलो, आणि गडावरही. नांदुरीचा घाट लागला तेव्हा लेकीने आपला पट्टा ओढून पाहिला, मग माझा ओढून पाहिला. कोणी काही बोलले नाही. आता मागच्या ओळीत कोणी बसायचे त्याची पाळी आम्ही लावली आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नावे लिहिलेली असतात, सासूबाई आणि छोटा सोडून सगळ्यांची. गडावर जाताना भावजींची पाळी होती. त्यांनी कंबर दुखते असे सांगून पाहिले. जाऊबाईंनी त्यांच्या हातात उशी दिली.

पुढच्या खेपेला यांचे नाव आहे.