नऊ कामगारांना दुखणे येत नाही काय?

(दिघाशी, ता. भिवंडी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ साली झाला. कामगार आजारी पडला तर औषधोपचार आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग त्याला हक्काने मिळावा, हा त्यामागील विचार. आज मालक वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का वर्गणी भरतो. परंतु या हक्काच्या दाराशी दहा हा आकडा पहारा देत उभा आहे. नऊ माणसांच्या यंत्रमाग कारखान्यातला मजूर बाहेरच राहतो. मग एकाच छपराखाली दोन नावांनी कारखाने दाखविण्याचा मोह मालकाला झाला, तर नवल ते काय!

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही दहाची अट कायम ठेवली. दहाच्या आत मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तरच विमा. हक्क असा मालकाच्या मर्जीवर गेला. राज्याचा कलही तोच. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहाच्या आतील आस्थापनांना नोंदणीतून सोडले; सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली.

एखादा सहृदय मालक विमा एजंटाकडे जाऊन आपल्या आठ मजुरांचा सामूहिक विमा उतरवू पाहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला, पण त्या सवलतीतून सामूहिक विमा वगळला गेला. त्यावर अठरा टक्के कर राहिला. म्हणजे स्वतःपुरते पाहणाऱ्याला सूट आणि मजुरांचे पाहणाऱ्याला दंड! आणि तो एजंट? तो कमिशनवर जगतो. कायद्याच्या लेखी तो कामगारच नाही. जगाला विमा विकणारा स्वतः मात्र उघड्यावर.

छोटा मागवाला आपला शत्रू नव्हे. तो बहुधा व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. दर व्यापारी ठरवितो. त्याच्यावर हिशेबवह्यांचा बोजा टाकून मजुराचे भले होणार नाही. पण मजुराला वाऱ्यावर सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

उपाय महाराष्ट्रानेच दाखविला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाकडे किती हमाल आहेत हे विचारले नाही. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची व्यवस्था मंडळाने पाहावयाची. हमाल आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर; हक्क त्याच्याबरोबर चालतो.

यंत्रमागासाठी असेच मंडळ हवे आणि लेव्हीचा भार कापड घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही उचलला पाहिजे. कमिशनवर जगणाऱ्यांनाही वर्गणी भरून त्यात येता यावे. ही मागणी घेऊन मजूर, मागवाला आणि एजंट या तिघांकडेही जा. माणसे मोजून हक्क देणारा कायदा बदलावयाचा आहे. माणूस आहे एवढ्यावरच हक्क मिळाला पाहिजे.