घातांक शून्य



अध्यक्षाने वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यायचा असतो. तो लिहून आणला आहे, स्मरणिकेत छापा. आज मला दुसरंच बोलायचं आहे. बरीच वर्षं ते पोटात ठेवलं आहे.

कणांमुळे होणाऱ्या झिजेचं सिम्युलेशन इथे बसलेले बहुतेक जण करतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये, आपण काहीच भरलं नाही, तर झिजेच्या सूत्रातला वेगाचा घातांक शून्य राहतो. शून्य! म्हणजे वाळू रांगत आली काय नि गोळीसारखी आली काय, झीज तेवढीच. पोलादासाठी तो अडीचच्या आसपास धरतात. वेग दुप्पट झाला की झीज पाचपटीच्या वर जाते. किमती तुमच्या तुम्ही भरा, असं मॅन्युअल सांगतं. वाचतो कोण? पडद्यावर लाल-पिवळे डाग उमटले की अहवाल बांधून तयार.

मी घडलो कोयनेच्या वीजघरात. तिथला खडक बेसाल्ट, त्यात गारगोटी नावापुरती. रनर, म्हणजे टर्बाइनचं पात्यांचं फिरतं चाक, गाळाने झिजतो, हे मी पुस्तकातच वाचलं होतं. मग सतलजच्या खोऱ्यातल्या एका वीजघरात गेलो. पावसाळा सरल्यावर फ्रान्सिस टर्बाइन उघडलं. जिथून पाणी पात्यावरून सुटतं, त्या कडा वस्तऱ्यासारख्या पातळ झालेल्या, मधेमधे उंदराने कुरतडल्यासारख्या. तेरा टक्के क्रोमियम, चार टक्के निकेलचं पोलाद ते! आमच्या तरुण इंजिनिअरच्या चित्रात मात्र सगळी झीज पाणी आत शिरतं त्या कडेला. विचारलं, घातांक किती धरलास? "सर, होता तोच." आणि कण? "गोल, सर." चिमूटभर गाळ भिंगाखाली धरला. फुटक्या काचेसारखे कोन. गारगोटीच ती, मोहसच्या मापावर सात. आमचा वेल्डर तोवर कडेवरून बोट फिरवून सांगत होता, कुठे किती भरायचं. त्याचं चुकलेलं मी पाहिलं नाही.

काल दुपारभर इथे झिजेचं सूत्र फिनींचं की ओकांचं, हा वाद रंगला. फिनींचं 1960 चं सूत्र काटकोनात आपटणाऱ्या कणाची झीज शून्य सांगतं. ओकांचं 2005 चं सूत्र धातूची कठिणताही हिशेबात घेतं, म्हणून ते सरस. असेल. त्याच रनरवर मी दोन्ही चालवली, घातांक नीट भरून. डाग जवळपास एकाच जागी, आकडे कित्येक पटींनी वेगळे. निकाल दिला कॅलिपरने, आणि तो दोघांच्याही विरुद्ध गेला. पातं झिजलं की त्याचा आकार बदलतो, खड्ड्यात पाणी घुमायला लागतं आणि खड्डा आणखी खोल जातो. आपण कोऱ्या पात्यावर एकदा गणित मांडतो आणि तीन पावसाळ्यांनी गुणतो. या गुणाकाराला मी सिम्युलेशन म्हणायला तयार नाही. कोणाला राग आला तर येऊ दे.

संस्थेने एक सामाईक नोंदवही सुरू करावी: गाळ किती, कण कसे, टर्बाइन उघडल्यावर पात्याची जाडी किती. कोणी करायची, पैसा कुठला, ते कार्यकारिणी बघेल. तब्येतीने साथ दिली तर मीही हातभार लावीन.

सतलजच्या त्या गाळाची एक बाटली अजून माझ्याकडे आहे. बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे. चिमूटभर बोटांत चोळून बघा, मगच कप उचला.