तेल, टाळ्या आणि पत

(वरठी इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं, कविता वाच. आज कविता नाही. आज तेलावर बोलतो. मी मॅट्रिक पास, मुंबईच्या गोदीत माल उचलणारा माणूस. आमच्या समोर पाण्यात जवाहर द्वीप आहे. आम्ही त्याला बुचर बेटच म्हणतो. तिथं परदेशी तेलाच्या बोटी लागतात. पुढाऱ्याचं भाषण कितीही गाजू द्या, बोट आली नाही की सगळी हवा जाते.

देशाची जगात पत कशानं ठरते? पुढारी म्हणतो, माझ्या आवाजानं. मी म्हणतो, 'नाही' म्हणायची ताकद किती, त्यानं.

1960 सालचं बघा. रशिया स्वस्तात कच्चं तेल द्यायला तयार. तेलमंत्री केशवदेव मालवीय घ्यायला तयार. पण रिफायनऱ्या कुणाच्या? माहुलला बर्मा शेल आणि स्टॅनव्हॅक, जी पुढं एस्सो झाली. विशाखापट्टणमला कॅल्टेक्स. तिघांनी सांगून टाकलं, हे तेल आम्ही शुद्ध करणार नाही. जमीन आपली, घाम आपला, आणि नकार त्यांचा! वर करारात 25 वर्षं राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी आपल्याच सरकारनं दिलेली. झेंडा होता, पत नव्हती.

1971 ला इंदिरा गांधी 'गरिबी हटाओ' म्हणत निवडून आल्या. 1973 च्या अखेरीस तेल पिंपाला तीन डॉलरवरून अकराच्या वर गेलं. 1974 ला एस्सो आणि 1976 ला बर्मा शेल सरकारनं घेतली. कशी घेतली? मैदानात साम्राज्यवादाला शिव्या, आणि टेबलावर मोबदल्याचा सौदा. इराणच्या मोसाद्देकनं 1951 ला तेल ताब्यात घेतलं, तर 1953 ला अमेरिका-ब्रिटननं त्याला उलथवलं. इथं सौदा निभला.

फेब्रुवारी 1974 ला 'सागर सम्राट'नं मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. 1976 पासून ते निघू लागलं. याच काळात, मे 1974 ला, देशभरचा रेल्वे संप चिरडला गेला. तुमच्या वरठीतून, भंडारा रोड स्टेशनवरून जाणाऱ्या रुळांवर राबणाऱ्यांचाच तो संप. 1975 ला आणीबाणी आली. जो विरोध करील त्याच्यामागं 'परकीय हात'!

मग 1979 ला तेल पुन्हा भडकलं आणि 1981 ला याच बाईंच्या सरकारनं आपला हात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढं पसरला. 5 अब्ज एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या हिशोबी चलनातलं तोवरचं सगळ्यात मोठं कर्ज. पण 1984 ला त्यातले शेवटचे 1.1 अब्ज आपण उचललेच नाहीत. तिथं देश 'नाही' म्हणाला. घोषणेच्या जोरावर नव्हे. मुंबई हायचं तेल वाढलं होतं, त्याचा यात मोठा वाटा. समुद्रात राबणाऱ्यांनी ती पत कमावली.

आता व्हेनेझुएला. ह्यूगो चावेझनं तेलाचा पैसा झोपडपट्टीतल्या दवाखान्यांना, शाळांना दिला, हे खरंच. 2006 ला त्यानं संयुक्त राष्ट्रांत बुशला सैतान म्हटलं. जगानं टाळ्या वाजवल्या. पण त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच! आणि 2003 ला संपानंतर त्यानं तेल कंपनीतली सुमारे 18 हजार माणसं काढून टाकली होती. तेल काढणारे हात गेले, भक्त राहिले. पुढं भाव पडले, निर्बंध आले, उत्पादन कोसळलं. लाखो लोक देश सोडून गेले. टाळ्या पोटाला बांधता येत नाहीत, दोस्तांनो.

आणि आपल्याकडं? 2003 ला सुप्रीम कोर्टानं म्हटलं, संसदेला विचारल्याशिवाय या तेल कंपन्या विकता येणार नाहीत. 2016 ला राष्ट्रीयीकरणाचे ते कायदेच गुपचूप रद्द झाले. 2019 ला भारत पेट्रोलियम विकायचं ठरलं. गिऱ्हाईक टिकलं नाही म्हणून 2022 ला बेत मागं घेतला. विकली असती तर तिथल्या राखीव जागाही गेल्या असत्या. तुमच्या-माझ्या पोरांच्या जागा! देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. ऑगस्ट 2025 ला, रशियाचं तेल घेता म्हणून, अमेरिकेनं आपल्या मालावर जादा 25 टक्के कर लावला, आधीचा धरून 50. छाती मोजणाऱ्यांनी ही मोजणीही सांगावी.

बाबासाहेबांनी 1951 ला मंत्रिपद सोडताना हाच हिशोब मांडला होता. आपल्याला जगात मित्र नाहीत, म्हणून 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी लष्करावर जातात. परराष्ट्र धोरण गरिबाच्या ताटाशी जोडणारा हा माणूस. त्याला याच भंडाऱ्यात 1954 च्या पोटनिवडणुकीत पाडलं. 1949 ला घटना समितीत त्यांनीच बजावलं होतं, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते.

म्हणून पुढारी जगाला दम द्यायला लागला की टाळी वाजवू नका. विचारा: तेल किती दिवसांचं आहे? कंपनी कुणाच्या नावावर? काढणाऱ्याला, वाहणाऱ्याला मजुरी किती? आणि याची उत्तरं मिळेपर्यंत खाली बसू नका.